बदक पाचपर्यंत मोजतं

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या कार्टूनच्या नव्या भागाची सुरुवात मिळाली. शेवट मी ओळखला. या वेळी फारच सोपा होता, तू मुद्दाम सोपा दिला असशील तर तसं सांग.

बटण वर्गातल्या नव्या मुलीला सांगते की आमच्या घरी हत्ती आहे. म्हणजे हा 'खोट्यावर खोटं' प्रकार. आता ती मुलगी म्हणणार, मला हत्ती बघायचाय. मग बटण बदकाला राखाडी चादर गुंडाळणार आणि तिच्या बाबाला, म्हणजे धडपड्याला, सोंड धरायला शिडीवर चढवणार. धडपडे प्रत्येक भागात कशावर तरी चढतोच. मग तो पडणार, डोळे तिरळे करणार, बदक पाचपर्यंत मोजणार आणि पाचाला तो टुणकन उठून म्हणणार, "काही झालं नाही, काही झालं नाही." तेवढ्यात चादर सुटणार. शेवटी कळणार की त्या नव्या मुलीनेपण घरी जिराफ आहे अशी थाप मारली होती.

माझ्या वहीत आता नऊ प्रकार झाले आहेत. 'खोट्यावर खोटं' सगळ्यात जास्त, सतरा भाग. त्याच्या खालोखाल 'अडकले'. भांडलेले दोघं लिफ्टमध्ये, नाहीतर तळघरात, नाहीतर माशाच्या पोटात अडकतात आणि बाहेर येईपर्यंत त्यांची गट्टी होते. 'वाढदिवस विसरले' मध्ये कुणीच काही विसरलेलं नसतं, हे बटणला सोडून सगळ्या जगाला कळतं. आणि तुम्ही जुन्याच भागांचे तुकडे जोडून 'आठवतंय का तुला' करता ना, तो मला मुळीच आवडत नाही. आई म्हणते, तेव्हा तुम्ही सगळे सुट्टीवर असता.

वर्गात मी सांगितलंय की 'धडपडे आणि मंडळी' माझी आत्या लिहिते. दोघींनी विश्वास ठेवला, एकीने नाही. तिच्यासाठी सही पाठव.

बाबांचा निरोप: "वीस वर्षं काचा बसवतोय, रस्त्यात एकही फोडली नाही. तुझ्या कार्टूनमध्ये मात्र दोन माणसं काच घेऊन रस्ता ओलांडायला लागली की ती फुटलीच म्हणून समज. आमच्या धंद्याची बदनामी थांबव." हे ते हसत म्हणाले. धडपडे पडतो तेव्हा सगळ्यात मोठ्याने तेच हसतात.

तुझी
भिंगरी


१३ फेब्रुवारी

लाडक्या भिंगरीस,

जिराफ नाही, पाणघोडा. बाकी सगळं बरोबर आलं. इथे आम्ही चार मोठी माणसं तीन आठवडे डोकं खाजवतो आणि तू ते जेवायच्या आधी ओळखतेस. तुझं पत्र मी आमच्या दिग्दर्शकांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हिला जरा लांबच ठेवा."

तू विचारलं नाहीस तरी सांगते, तुझे नऊ प्रकार आमच्या भिंतीवर टाचलेले आहेत. आमची खोली अरुंद आहे, मधे लांब टेबल, आणि समोरच्या भिंतीवर रंगीत कार्डांच्या रांगा. दुसऱ्या मिनिटाला अडचण, सहाव्याला अडचण दुप्पट, नवव्याला पडणं, अकराव्याला सगळं जागच्या जागी. नवव्या मिनिटाचं कार्ड लाल आहे आणि ते कुणी हलवायचं नाही असा नियम आहे, कारण लहान मुलं त्या मिनिटाची वाट बघतात. मी एकदा ते दहाव्याला नेऊन पाहिलं होतं. चाचणीला बोलावलेली मुलं चुळबुळ करायला लागली.

दादाला सांग, काचेची बदनामी या वर्षी तरी थांबणार नाही. फुटण्याचा आवाज आम्ही एकदा चांगला ध्वनिमुद्रित करून ठेवलाय, तो वाया कसा घालवायचा?

आता ही सुरुवात घे, ही मलाच जमत नाहीये. बदक आजवर आकड्यांशिवाय काही बोललेलं नाही. एका सकाळी ते उठतं आणि सरळ वाक्यात बोलायला लागतं. घरात कुणी काय लपवलंय ते सगळं त्याला माहीत आहे. पुढे काय? सोपं नाहीये, वेळ घे. सही सोबत आहे.

तुझी
आत्या


१२ मार्च

भिंगरे,

वेळ घे म्हणाले, पण महिना झाला. बदक अजून तोंड उघडून बसलंय आणि आमच्या खोलीत त्यावरून दोन भांडणं झाली.

फोनवर तू नेहमीच 'हो', 'नाही' आणि 'आईला देते' एवढंच बोलतेस, म्हणून तर आपण पत्रं लिहायला लागलो. गेल्या दोन रविवारी तर तेही नाही. तू म्हणे बाहेर खेळायला गेली होतीस. दादा म्हणाला, ठीक आहे सगळं. असेलही.

बदक नको असेल तर दुसरी सुरुवात पाठवते. नुसत्या दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

आत्या


२० मार्च

प्रिय धाकटीस,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. भिंगरीची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे लिहायला बसत नाही. काळजी करू नकोस. वाढत्या वयात मुलांचं लक्ष बदलतं.

माझ्या हाताला जरा मुरगळ आहे म्हणून अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. काम सध्या थोडं कमी घेतलंय. तुमच्याकडे नव्या भागांची घाई असेल, तेव्हा इकडे यायचं वगैरे मनात आणू नकोस. सवड झाली की सावकाश ये.

तुझा
दादा


२८ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. तू नेहमीसारखा पांघरूण घालून बोलतोयस, पण मला कळलं. भिंगरीला मालिका आता कंटाळवाणी वाटते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही परीक्षा पुढे केलीत. खरं ना?

रुसण्यासारखं काही नाही त्यात. तिला नऊ पूर्ण होऊन दहावं लागलं. आमच्याकडे याला 'गळती' म्हणतात. सहाव्या वर्षी मूल येतं, दहाव्या वर्षी जातं, आणि आम्ही पुन्हा सहा वर्षांच्यांसाठी तेच सगळं करतो. दिग्दर्शक म्हणतात, म्हणून तर प्रकार बदलावे लागत नाहीत, प्रेक्षक बदलतो. मी हे अनेकदा हसून ऐकलंय. आपल्याच घरातलं मूल गळेल हे लक्षात नव्हतं आलं.

तिला एवढंच विचार, कुठल्या भागापासून कंटाळा आला. कामाला येईल. आणि हात फार वापरू नकोस. काच कापायचा हिरा डाव्या हाताने धरायची तुझी जुनी खोड आहे, तेवढी तरी आता सोड.

धाकटी


४ एप्रिल

प्रिय धाकटी,

हे पत्र मी वाचनालयातून लिहिते आहे, त्यांना न सांगता. मागचं पत्रही माझ्याच हाताने लिहिलं, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. तुझं उत्तर वाचलं आणि ठरवलं की आता पुरे.

मुरगळ नाही. एकवीस फेब्रुवारीला तुझा दादा शिडीवरून पडला. घरातच, स्वयंपाकघरातली वरची खिडकी बदलताना. मांडीचं हाड मोडलं, मनगटही मोडलं. शस्त्रक्रिया करून आत सळई घातली आहे. आता धोका काही नाही, पण अजून अंथरुणावरच आहेत. तुला कळवलं असतं तर तू हातातलं काम टाकून आली असतीस, आणि तुझे नवे भाग अर्धवट होते, म्हणून त्यांनी मला शपथ घातली. फोनवर बोलताना उशी पाठीशी घेऊन बसतात, म्हणजे आवाज नेहमीसारखा यावा.

ते बरे होतील. मला काळजी आहे ती मुलीची. पडले तेव्हा घरात तीच एकटी होती. शेजारच्या आजोबांना तिनेच बोलावून आणलं, सगळे तिचं कौतुक करतात. पण त्या दिवसापासून ती त्यांच्या खोलीत थांबत नाही. पाणी नेऊन देते, औषध देते आणि लगेच बाहेर. टीव्ही लावत नाही. तिची ती प्रकारांची वही मला धुवायच्या कपड्यांच्या खाली सापडली. विचारलं तर म्हणते, काही नाही.

तुझ्याशी ती बोलेल असं वाटतं.

वहिनी


१९ एप्रिल

प्रिय आत्या,

तू आलीस तेव्हा मी बोलले नाही, कारण आपल्या घरात भिंतीतून सगळं ऐकू येतं आणि बाबा पलीकडेच होते. तू तीन दिवस थांबलीस आणि एकदाही विचारलं नाहीस, म्हणून लिहिते. हे पत्र तू कुणाला दाखवायचं नाहीस. बाबांना तर नाहीच.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी स्वयंपाकघरात टेबलावर अभ्यास करत होते. बाबा वरच्या खिडकीची तडकलेली काच काढत होते. काचेच्या कडेची जुनी पुट्टी निघत नव्हती, म्हणून ते तिच्याशी बोलत होते, ये बाई, ये बाई, असं. काच निघाली, ती त्यांनी खाली ठेवली. मग नवी लावायला परत वर गेले आणि शिडी सरकली. ते पडले आणि त्यांच्यावर शिडी पडली. फळीवरचे डबे पण पडले. आवाज अगदी कार्टूनमध्ये येतो तसा आला.

आणि मी हसले. थोडं नाही, खूप.

मग मी मोजलं. बदकाच्या आवाजात. पाच झाले तरी ते उठले नाहीत. मला वाटलं, जास्त मजा यावी म्हणून मुद्दाम उशीर करतायत. म्हणून परत मोजलं. असं किती वेळा केलं ते मला माहीत नाही. मी टाळ्यापण वाजवल्या. मग मला त्यांचा पाय दिसला. तो पाय असतो तसा नव्हता. मग मी शेजारी गेले.

डॉक्टर आईला म्हणाले, लवकर आणलंत हे बरं केलंत. मी तिथेच उभी होते. लवकर नव्हतं आणलं. हे फक्त मला माहीत आहे.

सगळे मला शहाणी म्हणतात. शेजारच्या आजोबांनी मला पेनाचा संच दिला. तो मी उघडला नाही. बाबांनी हाक मारली की मी जाते, पण दारातच वाटतं, आता ते विचारतील की तू का हसत होतीस. म्हणून परत येते.

भिंगरी


२६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. कुणाला दाखवलं नाही.

तुझी चूक नाही, असं लिहून मी तीन कागद फाडले. तू ते वाचून मान हलवशील आणि पुन्हा पाणी ठेवून बाहेर येशील, हे मला दिसत होतं. मला एकच गोष्ट नीट करता येते, ती केली. सोबत एक पूर्ण भाग आहे. शेवट ओळखायचा नाही, लिहिलेलाच आहे. धडपडे खरंच पडतो, बटण हसते, मग तिला कळतं. ती बदकाबरोबर पूर्ण शहर पालथं घालून डॉक्टर आणते. शेवटी ती त्याच्या पलंगाशी बसून त्याला सगळं सांगते आणि माफी मागते, आणि धडपडे तिला जवळ घेतो. लाल कार्डाला मी हात लावला म्हणून इथे गोंधळ चालू आहे, पण मी हा भाग सोडणार नाही.

आधी तू वाच. तुला पटला तरच पुढे देईन.

आत्या


४ मे

प्रिय आत्या,

भाग वाचला. बदक डॉक्टरच्या बॅगेत बसतं ते चांगलं आहे.

पण हा 'सॉरी' प्रकार आहे. माझ्या वहीत सहावा. त्यात बटण सॉरी म्हणते कारण अकरावं मिनिट आलेलं असतं. ती म्हणते आणि धडपडे लगेच हसतो, कारण शेवटची नावं यायची वेळ झालेली असते. त्याचं प्लास्टर एका चित्रात असतं आणि पुढच्यात नसतं. बाबांना कूस बदलायला आई लागते आणि बदलताना ते उशी चावतात. तू हे बघून गेलीस ना, मग भागात का नाही घातलंस? घालता येत नसेल तर तसं सांग.

आणि धडपड्याच्या मनात काय आहे ते तू लिहितेस म्हणून बटणला कळतं. बाबांच्या मनात काय आहे ते मला कोण सांगणार?

मला वाटतं तुलापण माहीत नाही काय करायचं. मला राग नाही आला. फक्त हा भाग टीव्हीवर दाखवू नकोस. वर्गातल्या त्या तिघी बघतील.

भिंगरी


९ मे

प्रिय धाकटी,

हात प्लास्टरमधून सुटला, म्हणून पहिलंच पत्र तुला. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, चालवून घे. तुझ्यापासून लपवलं त्याबद्दल तू इथे असताना बोललीस तेवढं मला पुरे आहे, आणखी बोलू नकोस.

दुसरं एक सांगायचं आहे. तू इथे होतीस तेव्हा दोनदा तोंडाशी आलं आणि गिळलं. हे तुझ्या वहिनीला माहीत नाही. भिंगरीला तर सांगूच नकोस.

पोरगी मला टाळते. सगळ्यांना वाटतं ती घाबरली आहे. मला खरं कारण माहीत आहे.

पडलो तेव्हाच मला कळलं होतं की मांडी गेली. काचवाल्याला तडकल्याचा आवाज ओळखू येतो. मान वळवली तर समोर ही. हातात पेन्सिल, चेहरा पांढराफटक, तोंड उघडलेलं. आता ही किंचाळणार, असं वाटलं आणि मी डोळे तिरळे केले. तुझ्या त्या धडपड्यासारखे. दुसरं काही सुचलंच नाही बघ. आणि ती हसायला लागली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, चला, पोर घाबरली नाही, आता सावकाश सांगू की जा, शेजारी जा.

पण सांगता येईना. तोंडातून आवाजच निघेना. ती मोजत होती आणि मी नुसता पडून. पहिल्याच क्षणी सरळ 'लागलंय, कुणाला तरी बोलाव' म्हटलं असतं तर ती धावत गेली असती, हुशार आहे. मी तिला फसवलं आणि मग तिच्यासमोर तसाच पडून राहिलो. बाप खरंच मरायला टेकलाय की सोंग करतोय, हे ज्या लेकराला कळत नाही, ते त्या बापाजवळ कसं बसेल? तिच्या जागी मी असतो तर मीही बसलो नसतो.

येते, ग्लास ठेवते, जाते. मी हाक मारतो, मग पुढे काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून 'दार लोटून घे' म्हणतो. बाहेर गेल्यावर तिची पावलं दाराशीच थांबलेली ऐकू येतात.

तू लहान मुलांसाठी लिहितेस. अशा वेळी काय बोलतात ते तुला ठाऊक असेल. असेल तर कळव.

दादा


१६ मे

प्रिय दादा आणि भिंगरी,

हे एकच पत्र दोघांना मिळून आहे. वहिनींच्या नावाने पाठवते आहे, त्या ते तुमच्या खोलीत आणून मोठ्याने वाचतील. तोवर भिंगरीने दारात उभं राहिलं तरी चालेल.

पाकिटात आणखी दोन कागद आहेत. रेघांचा कागद भिंगरीने मला एकोणीस एप्रिलला लिहिला. बिनरेघांचा कागद, कोंबडीच्या पायांचा, दादाने नऊ मेला. दोघांनीही मला बजावलं होतं की दुसऱ्याला दाखवू नकोस. मी दोघांचाही शब्द मोडते आहे.

आमच्या मालिकेत अशा जागी पोस्टमन घसरतो, पाकिटं चिखलात पडतात आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, म्हणजे कुणाचाच दोष नाही. तशी बतावणी मला करता आली असती. पण ही चूक नाही, मी चार दिवस विचार करून केलेलं आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, एकमेकांवर नको. भिंगरी पुन्हा मला काही सांगणार नाही, हे होऊ शकतं. मी ते धरून चालले आहे.

दादा, तू विचारलंस की अशा वेळी काय बोलतात. मला माहीत नाही. मी एक भाग लिहून पाहिला आणि तो भिंगरीने नापास केला. बरोबर केला. तो मी परत घेतला आहे, टीव्हीवर येणार नाही.

ऑफिसात मी एवढंच मागितलं की धडपडे पडला तर पडू दे, मोजणं काढा. दिग्दर्शक म्हणाले, मोजलं नाही तर तो उठणार केव्हा? मी म्हटलं, ते बघायला कुणीतरी जवळ जाऊ दे. बराच वाद झाला. अखेर बटण पळत त्याच्यापाशी जाते आणि 'लागलं का' विचारते, असं चार भागांपुरतं करून पाहायचं ठरलंय. मुलांना आवडलं नाही तर मोजणं परत येईल, आणि ते मी लिहिणार नाही, दुसरं कुणी लिहील.

आता वहिनी, रेघांचा कागद दादाला द्या आणि बिनरेघांचा भिंगरीला. मग तुम्ही थोडा वेळ बाहेर या.

तुमची
आत्या, धाकटी


३० मे

आत्या,

मी तुझ्यावर दोन दिवस रागावले होते. आता नाही, पण पुन्हा असं करायचं असेल तर आधी मला विचार. मी नाही म्हणाले असते हे मला माहीत आहे, तरी विचार.

आईने पत्र वाचलं आणि ती बाहेर गेली. मी बाबांचं पत्र दारात उभी राहूनच वाचलं. काही अक्षरं लागत नव्हती. 'पांढराफटक' मला 'पांढरा फाटक' वाटलं, म्हणून मला बाबांना विचारावं लागलं की आपल्या घराला फाटक कुठे आहे. ते माझं पत्र वाचत होते. त्यांनी चादर तोंडावर घेतली. मला वाटलं ते हसतायत. मी जवळ जाऊन चादर ओढली. ते हसत नव्हते.

मला आठवतच नव्हतं की त्यांनी डोळे तिरळे केले. खरंच, आत्या. मला फक्त माझं हसणं आठवत होतं. ते म्हणाले, "तुझं तोंड बघून मीच केले. तू हसलीस ते मी हसवलं म्हणून." मी म्हटलं, पण नंतर मी मोजत राहिले. ते म्हणाले, हो, ऐकत होतो.

मग मी विचारलं की तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता का. त्यांनी खूप वेळ विचार केला. बाबा इतका वेळ विचार करत नाहीत, पटकन काहीतरी गंमत करतात. मग म्हणाले, "तू हसत होतीस तोवर मला वाटत होतं, आपण घरात आहोत, सगळं ठीक आहे. तू हसायची थांबलीस ना, तेव्हा मी घाबरलो."

मी विचारलं, मग मी थांबायला नको होतं का? ते म्हणाले, थांबलीस म्हणूनच तर मी इथे आहे, वेडे.

पाय दिसला तेव्हा मी थांबले होते. म्हणजे आम्ही दोघं एकाच वेळी घाबरलो होतो. मी पलंगावर बसले आणि त्यांनी मला हाताच्या प्लास्टरवर शाईने कोणी काय लिहिलंय ते दाखवलं. प्लास्टर काढून टाकलंय, पण त्यांनी ते खोक्यात ठेवलंय. मग आई आली आणि आम्ही जेवलो, मी त्यांच्याच खोलीत.

आता त्यांना कुबड्या घेऊन चालायचं असतं. सकाळी आई असते आणि शाळेतून आल्यावर मी. कुबडीच्या उलट्या बाजूला उभं राहायचं असतं. मी आधी चुकीच्या बाजूला उभी राहायचे. परवा आम्ही दारापर्यंत गेलो, काल जिन्यापर्यंत.

काल जिन्याजवळ त्यांच्या कपाळावर घाम आला. मी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, "छे, कुठे काय..." आणि मधेच थांबले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. खूप दुखतंय."

मग आम्ही तिथेच पायरीवर बसलो, दुखायचं थांबेपर्यंत.

भिंगरी